अर्धं फूल तिकिटावर, अर्धं पाकिटावर

लेकीच्या दवाखान्याच्या उद्घाटनाची निमंत्रणं घरीच, हाताने करायची, असं शिक्केकाका जेवता जेवता बोलून गेले. लेक म्हणत होती, "छापखान्यात पन्नास कार्डं टाकते, दोन दिवसांत मिळतील." त्यावर काकांच्या तोंडून निघालं, "छापलेलं कुणी वाचतं का? औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, तोही छापलेलाच असतो. कुणी उघडलाय आजवर?"

"मी डॉक्टर आहे, बाबा. मी उघडते."

"तू एकटी. बाकीचे बोळा करून टाकतात. कार्डं मी करतो. फुलांचे ठसे, आणि त्यावर पाण्याने पसरवलेले शाईचे रंग. माणसाने कपाटात जपून ठेवावं असं कार्ड."

काकूंनी हातातला डाव खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्ही?"

या एका शब्दात पस्तीस वर्षांचा संसार होता. भिंतीत न बसलेले खिळे, उलटा फिरणारा नळ, रंगवायला घेतलेली आणि कंबरेपर्यंतच रंगलेली खिडकी, सगळं त्यात आलं. काका मोठे होते ते कचेरीत. नोंदणी कचेरीत सदतीस वर्षं त्यांनी शिक्के मारले, आणि त्यांतला एक तिरका गेला असेल तर शपथ. म्हणून तर सगळी इमारत त्यांना शिक्केकाका म्हणायची. घरात मात्र त्यांच्याकडे रद्दी बांधण्याचं एकच खातं होतं, आणि तिथेही त्यांनी मारलेली गाठ काकू सोडून परत मारायच्या. निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत "चहा घेणार का?" हा एक प्रश्न सोडला, तर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. ती दातांची डॉक्टर. तिची काळजी वेगळीच होती. तिने दवाखान्याला दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यांच्या अगदी समोर एक जुना दंतवैद्य पंचवीस वर्षं बसत होता. त्याच्या दारातल्या बाकावर तीळ ठेवायला जागा नसायची.

"बाबा, कार्ड कसंही असू दे, पण शनिवारी माणसं आली पाहिजेत. रिकाम्या दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. लोक काचेतून बघतात, आत कुणी दिसलं नाही की सरळ समोर जातात. पहिल्याच दिवशी ओसाड दिसला तर मग वर्षभर मी आणि ती खुर्ची, एकमेकींची तोंडं बघत बसू."

"पन्नास कार्डं, शंभर माणसं. हा माझा शब्द," काका म्हणाले. मग बोट वर करून त्यांनी आणखी एक हुकूम काढला, "आणि कुणीही कुणाला फोन करायचा नाही. आधीच फोनवर सांगून टाकलं तर कार्ड उघडायचं कशाला? या घरातून एक शब्द बाहेर जाता कामा नये."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण उद्घाटनाला तेव्हा तीन आठवडे होते, आणि तीन आठवडे असताना सगळीच माणसं शूर असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कागदाच्या दुकानात गेले. पाण्यात पसरणाऱ्या शाईच्या सहा बाटल्या, जाड कागद, दोन कुंचले आणि डझनभर खोडरबर असं त्यांनी मागितलं. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "मूल केवढं आहे?"

"कुणाचं?"

"ज्याच्यासाठी रंग घेताय त्याचं."

"साठ वर्षांचं," काका म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

ठसा करणं म्हणजे खोडरबरावर पेन्सिलीने फूल काढायचं आणि आजूबाजूचं रबर पात्याने कोरून टाकायचं. सांगायला दोन वाक्यं लागतात, करायला तीन बोटं. पहिलं फूल तयार झालं तेव्हा काकांच्या डाव्या हाताला तीन पट्ट्या होत्या. त्यांनी ते निळ्या शाईत बुडवून कागदावर उमटवलं आणि काकूंपुढे धरलं.

काकूंनी चष्मा लावला. "दाढ छान आलीय."

"जाईचं फूल आहे ते!"

"मग खाली ही दोन मुळं कसली?"

"एक देठ आहे आणि एक पान आहे."

"असेल. पण दाढ म्हणून फार सुबक आहे हो. दवाखान्याला शोभेल."

काकांनी नवं खोडरबर काढलं आणि यावेळी देठ न काढता नुसत्या पाकळ्या कोरल्या. ते फूल फुलासारखं आलं. खरी अडचण पुढे होती, आणि ती काकांच्या उजव्या हातात होती.

कचेरीत एकावर एक तीन प्रती ठेवून शिक्का मारायचा असे, आणि तो तिसऱ्या प्रतीवरही वाचता यायला हवा. म्हणून काकांचा हात आधी कानापर्यंत वर जायचा आणि मग वीज पडावी तसा खाली यायचा. सदतीस वर्षांची सवय ती. निवृत्तीच्या कागदावर सही केली म्हणून काय हात निवृत्त होतो? पहिल्या ठोक्याला टेबल हललं, दुसऱ्या ठोक्याला शाईची बाटली उडाली, आणि फुलाच्या पाकळ्या अशा काही फाकल्या की ते वरून खाली पडलेलं फूल वाटावं. काकांनी ते बाजूला ठेवलं आणि परत मारलं. परत टेबल हललं.

पाचव्या ठोक्याला दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे शिंपी होते.

"काका, भिंत पाडताय का? पाडा, माझं काही नाही. फक्त आधी सांगा, म्हणजे मी मशीन हलवतो. सुई टाके सोडतेय."

काकांनी त्यांना कार्डं दाखवली. शिंपी आत आले, बसले, आणि ज्यासाठी आले ते विसरून सल्ला द्यायला लागले. सल्ला ही अशी गोष्ट आहे, की देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याचं काही उरत नाही. "ओली शाई हवेवर कशाला वाळवता? दिवसभर जाईल. माझ्याकडे आणा, इस्त्री फिरवतो. कडक फूल बसेल."

बारा कार्डं शिंप्यांकडे गेली. इस्त्री फिरली. फूल कडक बसलं खरं, पण कार्डावर नाही, शिंप्यांच्या इस्त्रीच्या कापडावर. आणि त्या कापडावर त्यांनी नंतर एका गिऱ्हाइकाची पांढरी पँट ठेवून दाबली. गिऱ्हाईक बँकेचे मॅनेजर होते. त्या दिवशी ते बसायच्या जागी एक गुलाबी फूल घेऊन बँकभर हिंडले. ते पाहून बँकेतल्या माणसांच्या चेहऱ्यावर महिन्याअखेरीलाही हसू होतं, असं म्हणतात. मॅनेजर संध्याकाळी पँट घेऊन शिंप्यांकडे आले तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं.

वरच्या मजल्यावर रसायनबाई राहायच्या. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्याही निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त माणसाला दुसऱ्या निवृत्त माणसाच्या कामाचा वास लांबून येतो. त्या खाली आल्या, शाईत बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "रंग पक्का हवा असेल तर व्हिनेगर घाला. आणि चिमूटभर मीठ. साधी गोष्ट आहे, सातवीच्या मुलांनाही ठाऊक असते."

काका सातवीच्या मुलांपेक्षा मागे राहायला तयार नव्हते. त्यांनी सहाही बाटल्यांत व्हिनेगर आणि मीठ घातलं. सकाळी पाहतात तर तांबडी शाई दुधासारखी फाटलेली, हिरवीच्या तळाशी गाळ, आणि घरात कसली तरी जुनी बरणी उघडी राहिल्यासारखा वास. रसायनबाईंनी गाळाकडे पाहिलं आणि आनंदाने म्हणाल्या, "बघा, म्हणजे शाई भेसळीची होती. कळलं तरी!"

काका परत दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मुलाने सांडली का?" काका "हो" म्हणाले. काही वेळा खोटं बोलण्यातच कमी अपमान असतो.

एवढं सगळं होत असताना काकांची वही मात्र चोख चालली होती. प्रत्येक कार्डाला क्रमांक होता. क्रमांक एक ते बारा, शेरा: "इस्त्रीत बाद." क्रमांक तेरा ते एकोणीस, शेरा: "शाई फाटली." लेक नव्या दवाखान्याची मांडामांड करून दमून आली की काका वही पुढे करायचे आणि "पाहिले" म्हणून तिची सही घ्यायचे. आठव्या दिवशी लेकीने सही केली आणि विचारलं, "बाबा, बाद न झालेलं एखादं कार्ड आहे का?"

काकांनी वहीची पानं उलटली. उलटून झाली तरी ते उलटतच राहिले.

"अजून छापखाना उघडा आहे," ती हळूच म्हणाली. हळूच म्हणाली तेच काकांना जास्त लागलं. ओरडली असती तर ओरडून उत्तर देता आलं असतं.

ती आत गेल्यावर काका टेबलाशी बसून राहिले. काकू भांडी आवरून आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी ठसा शाईला टेकवला, काकांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट धरलं.

"अहो, फूल आहे ते, दाखला नाही. त्याला काय एवढं दडपायचं? ही तान्ही होती तेव्हा तिच्या कपाळावर डास बसायचा. तो कसा उडवायचात? तिला जाग येऊ नये म्हणून?"

"नुसतं बोट टेकवून."

"मग टेकवा."

काकांनी टेकवलं. उचललं. कागदावर पाच पाकळ्या आल्या, कडेला गडद आणि आत फिकट होत गेलेल्या, अगदी शिरांसकट. काकूंनी कुंचला पाण्यात बुडवून कडेवरून फिरवला, तशी शाई आत सरकली आणि मधोमध उजेड राहिला. पाणी जास्त झालं तर फूल रडतं, कमी झालं तर घुम्यासारखं बसून राहतं. हे त्यांना पुढच्या दोन दिवसांत कळलं. कळलं म्हणजे सोळा कार्डं आणखी बाद करून कळलं.

पण मग हात बसला. काका ठसा टेकवायचे, काकू पाणी फिरवायच्या. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर कार्डं चिमट्यांनी लटकली. चहा घेऊन जाणारं माणूस वाकून जायचं. लेक एका संध्याकाळी दार उघडून तशीच उभी राहिली. दोरीवर पन्नास कार्डं होती आणि एकासारखं दुसरं नव्हतं. तिने एक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

त्यात आईचं "तुम्ही?" नव्हतं. हे दुसरं होतं. काका म्हणाले, "वहीत सही कर."

इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण कार्डांना पाकिटं लागतात. सोमवारी काकांनी पन्नास पांढऱ्या पाकिटांवर पत्ते लिहिले आणि कोपऱ्यात टपालाची तिकिटं चिकटवली. खाली "पाठवणारा" म्हणून लेकीच्या नव्या दवाखान्याचा पत्ता घातला, म्हणजे जाहिरातही होईल. काकू म्हणाल्या, "आत एवढं नटवलंय आणि बाहेरून पाकिटं अगदीच ओकीबोकी."

"एक छोटं फूल टाकतो," काका म्हणाले. त्यांनी सगळ्यांत लहान ठसा घेतला, जांभळ्या शाईला टेकवला आणि पाकिटावर उमटवला. कुठे उमटवायचा याचा त्यांनी विचार केला नाही. हात आपोआप वरच्या कोपऱ्यात गेला. अर्धं फूल तिकिटावर आलं, अर्धं पाकिटावर.

"तिकिटावर कशाला?" काकूंनी विचारलं.

"अगं, शिक्का नेहमी असाच मारायचा. अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. नाहीतर कुणीही तिकीट सोडवून दुसरीकडे चिकटवील."

"कोण चिकटवील? तुमच्या बहीणबाई, अक्का?"

"नियम माणूस बघून नसतो," काका म्हणाले आणि बाकीच्या एकोणपन्नास पाकिटांवर तसंच फूल उमटवलं. एकही तिरकं गेलं नाही.

टपाल कचेरीत रांग होती. खिडकीतला कारकून पाकिटांवर शिक्के मारत होता, आणि काय मारत होता! हात नुसता लोंबत होता. अर्ध्या शिक्क्यात तारीख नाही, अर्ध्यात गावच नाही. काकांचा नंबर येईपर्यंत त्यांनी कसंबसं सहन केलं. नंबर आल्यावर पाकिटांचा गठ्ठा खिडकीत सरकवायच्या ऐवजी ते म्हणाले, "अहो, मनगट सैल सोडा आणि बोटं आवळा. तुम्ही नेमकं उलटं करताय. अर्धा शिक्का कागदावर पडतोय, अर्धा हवेत जातोय."

कारकुनाने मान वर केली. "आजोबा, पाकिटांना तिकिटं लावलीत?"

"लावलीत. आणि मी आजोबा नाही. मी सदतीस वर्षं—"

"मग बाहेरच्या पेटीत टाका. पुढचा!"

त्या माणसाने गठ्ठ्यावर एक नजर टाकली असती तर काय चुकलंय ते त्याला तिथल्या तिथे दिसलं असतं. पण उपदेश ऐकलेला माणूस नजर टाकत नाही. काकांनी पन्नास पाकिटं एकेक करून पेटीत सोडली. शेवटचं सोडल्यावर पेटीवर हलकीच थाप मारली, शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर मारतात तशी.

शनिवारी चार वाजता उद्घाटन होतं. साडेतीनला काका कोट घालून दवाखान्याच्या दारात उभे राहिले. आत भाड्याच्या चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर मोठा केक होता, चहाचे दोन मोठे थर्मास होते. चारला कुणी आलं नाही. "लोक वेळ पाळत नाहीत," काका म्हणाले. सव्वाचारला शिंपी आणि रसायनबाई आल्या. त्यांना तोंडी आमंत्रण होतं. शिंप्यांनी खुर्च्या पाहून विचारलं, "बाकीचे आत आहेत का?" समोरच्या जुन्या दंतवैद्याच्या बाकावर नऊ माणसं गालाला हात लावून बसली होती आणि नऊही माणसं काचेतून इकडे बघत होती.

साडेचारला एक माणूस पायरी चढला. काका दोन्ही हात पुढे करून धावले. तो पोस्टमन होता.

"हाच पत्ता ना? सही करा," असं म्हणून त्याने सुतळीने बांधलेला गठ्ठा लेकीच्या हातात दिला. वर छापील चिठ्ठी होती: "तिकिटे आधी वापरलेली आढळली. पाठवणाऱ्यास परत." खाली पन्नास पाकिटं, पन्नास जांभळी फुलं.

लेकीने चिठ्ठी वाचली, आईला दिली. काकूंनी वाचली आणि काकांकडे पाहिलंच नाही. इतकी वर्षं पाहत आल्या होत्या, त्या दिवशी नाही पाहिलं. काका म्हणाले, "मी आत्ता सगळ्यांना फोन करतो."

"काय सांगाल, बाबा?" लेक म्हणाली. "पंधरा मिनिटांत या, म्हणून?" तिने सुरी घेतली आणि केक कापला. पाच तुकडे झाले, बाकीचा तसाच राहिला. "खा आई. दातांना वाईट असतो, पण आज चालेल." ती हसली. ते हसू बघण्यापेक्षा काकांनी समोरच्या बाकावरची ती नऊ माणसं बघणं पसंत केलं.

सोमवारी सकाळी काका गठ्ठा घेऊन टपाल कचेरीच्या साहेबासमोर उभे राहिले. मनात भाषण तयार होतं. साहेबाने एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "तुम्ही म्हणता हे फूल आहे. मी मानतो. पण तिकिटावर अर्धी आणि कागदावर अर्धी खूण पडली की आमच्या दृष्टीने ते तिकीट वापरून झालं. नाहीतर कुणीही तिकीट सोडवून दुसरीकडे चिकटवील."

वाद घालायचा कसा? नियम त्यांचाच होता.

"एक सांगू?" साहेब निरोप देताना म्हणाला, "इतका स्वच्छ शिक्का आमच्या माणसाला मारता येत नाही. म्हणूनच तर सगळे पकडले गेले. जरा वाईट मारला असता तर दहावीस तरी पोचले असते."

त्या आठवड्यात बुधवारपर्यंत दवाखान्यात एकच माणूस आला. समोरच्या डॉक्टरांकडे मागच्या बाजूने जाता येतं का, एवढं विचारून गेला.

आणि गुरुवारी सकाळी दहाला काकांची थोरली बहीण आली. तिला घरात सगळेच अक्का म्हणायचे. बाजारात रसायनबाईंनी तिला विचारलं होतं, "उद्घाटनाला दिसला नाहीत? केक फार छान होता." बस, एवढंच. अक्का काकांच्या घरी गेली नाही. जिथे अपमान झाला तिथेच जाऊन बोलायचं, म्हणून ती थेट दवाखान्यात आली. वाटेत तिने सगळ्यांना फोन केले होते. काकूंचे भाऊ आले, वहिनी आल्या, दोन चुलत भाऊ सहकुटुंब आले. साडेदहापर्यंत बाहेरच्या खोलीत चौदा माणसं खुर्च्या अडवून बसली होती आणि अक्काने फोन करून बोलावून घेतलेले काका मधोमध उभे होते.

"पाठची बहीण असते तर समजलं असतं," अक्का म्हणाली, "मी थोरली! तुला शाळेत कोण सोडायचं? आणि आज तुझ्या लेकीच्या दवाखान्याची बातमी मला भाजी घेताना कळते? आम्ही काय मेलो होतो?"

काकांनी घरून आणलेली पिशवी पायाशी ठेवली होती, ती उचलली. त्यात तो परत आलेला गठ्ठा होता. तो दाखवायचा, हात जोडायचे, माफी मागायची, की सगळे हसतील, चहा पितील आणि घरी जातील. काकांनी पिशवीत हात घातला, आणि त्यांची नजर काचेबाहेर गेली.

गाल सुजलेली एक बाई समोरच्या दवाखान्याकडे निघाली होती. ती थांबली. तिने तिकडचा बाक बघितला, मग इकडची खोली बघितली. डोकी मोजावीत तशी तिची मान हलली. ती रस्ता ओलांडून आली आणि तिने दारातून विचारलं, "इथे नंबर फार आहेत का हो? बसले तर लागेल का?"

"लागेल, लागेल! थेट आत जा, डॉक्टरीण बसलीय," काका म्हणाले. तिच्यामागून एक म्हातारा आला. त्याच्यामागून दोघं.

काकांनी पिशवी परत खाली ठेवली, पायाने खुर्चीखाली सरकवली आणि छाती पुढे काढून म्हणाले, "नाही बोलावलं, तर नाही बोलावलं! तू तुझ्या नव्या घरात मला कधी बोलावलंस, अक्का? राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी. तेही रंगाऱ्याचा पत्ता हवा होता म्हणून!"

खोलीत ठिणगी पडली. अक्का उठणार होती ती पाय रोवून बसली. "आता तर मी इथून हलत नाही!"

"मुळीच हलू नकोस," काका म्हणाले.

ते भांडण तीन दिवस चाललं. आणि सांगायची गोष्ट अशी, की ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेतला नव्हता, तो माणूस तीन दिवस उभा राहून ऐकत होता. हट्टी झाला, चिक्कू झाला, लहानपणी चोरून साखर खाणारा झाला. एखाद्याचा राग ओसरायला लागला की काका स्वतःच फुंकर घालायचे, "आणि मेहुण्यांना काही बोलायचंय का? मघापासून गप्प आहेत." मेहुणे बोलायला उठले, आणि रागाच्या भरात त्यांना आठवलं की आपलीही एक दाढ ठणकते. त्यांनी भांडण अर्धं टाकून नंबर लावला. शुक्रवारी अक्का आपल्या बाजूने बोलायला आणखी चौघांना घेऊन आली. काकूंनी दुसऱ्या दिवशी सगळं ओळखलं. मग त्यांनी चहा आणताना प्रत्येकाचा कप अर्धाच भरून आणला. पूर्ण प्यायला की माणूस उठतो.

फक्त लेक काही बोलत नव्हती. आत तिचं यंत्र घरघरत होतं, एक माणूस बाहेर आला की दुसरा आत जात होता. बाहेरचा आरडाओरडा तिला नक्की ऐकू जात असणार. काकांना वाटलं, हिला लाज वाटत असणार, बापाने दवाखान्याचा बाजार केला म्हणून. संध्याकाळी ती त्यांच्याशी न बोलताच घरी जायची, आणि काका मान खाली घालून मागून चालायचे.

शनिवारी अकरा वाजता काकांचा घसा बसला होता. अक्का त्यांच्या शाळेतल्या नापासाच्या निकालापर्यंत पोचली होती. दाराबाहेर पायऱ्यांवर माणसं उभी होती. कुणी गालाला हात धरलेला, कुणी रुमाल बांधलेला. समोरच्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या, आणि जुना दंतवैद्य दारात येऊन डोळ्यांवर हात धरून इकडे बघत होता.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. तोंडावरचा मास्क खाली ओढून लेक बाहेर आली. तिने उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, बसलेल्या अठरा नातेवाइकांकडे पाहिलं, आणि सरळ काकांजवळ आली. काका मनातल्या मनात बोलणी खायला तयार झाले. तिने त्यांच्या कोटाची वळलेली कॉलर नीट केली आणि कानाशी वाकून म्हणाली,

"बाबा, आता माफी मागून टाका. मला खुर्च्या हव्यात."